कोरड्या मुलखाची चव

प्रवासवर्णनांच्या आमच्या वाङ्मयात सोलापूरच्या वाट्याला फारशी पाने आलेली नाहीत. कोकणचा किनारा, महाबळेश्वरची थंडी, गोव्याची देवळे आणि सह्याद्रीतले घाट यांच्यावर आमच्या लेखकांनी शाई मुक्तहस्ताने खर्च केली. परंतु सोलापुराविषयी कोणी लिहू लागलाच, तर उन्हाळ्यातला पारा आणि नळाला येणारे पाणी या दोन विषयांपुढे त्याची लेखणी सरकत नाही. येथे माणसे येतात ती चादरी घेण्यासाठी, नाही तर पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर किंवा विजापूर यांपैकी कोठेतरी जाताना गाडी बदलण्यासाठी. सृष्टिसौंदर्य पाहावे म्हणून सोलापूरचे तिकीट काढणारा मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यात नाही. महाबळेश्वरी जेवढा पाऊस पडतो त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर ज्या जिल्ह्याला वर्ष काढावे लागते, तेथे सौंदर्याने तरी कशाच्या बळावर राहावे, असा प्रश्न पाहुण्याला पडला तर त्याचा दोष नाही.

आम्ही मात्र गेल्या माघात एक सबंध दिवस याच मुलखात मोटारीने हिंडलो, आणि तेही केवळ हिंडण्यासाठी व खाण्यासाठी. आम्ही म्हणजे एका शाळेतले पाच मित्र: एक डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त मास्तर, एक चादरवाले, आणि हे सगळे लिहून काढण्याइतके रिकामपण ज्यांच्यापाशी आहे ते प्रस्तुत लेखक. पाचांचीही साठी उलटून गेली आहे. या मंडळींत चादरवाल्यांचे व्यक्तिमत्त्व अस्सल सोलापुरी. त्यांच्या घरची भाषा तेलुगू. ते हिशेब तेलुगूत करतात, भाजीच्या भावाची घासाघीस कानडीत करतात, मोटार दुरुस्त करणाऱ्याशी दखनी उर्दूत बोलतात, आणि आमच्याशी भांडण उकरून काढायचे असले म्हणजे मात्र शुद्ध मराठीवर येतात. या गावात याचे कोणाला नवल वाटत नाही.

सहलीची कल्पना त्यांचीच. त्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तेथे नातू झाला आहे. आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमधले चार यंत्रमाग गेल्या दिवाळीत भंगाराच्या भावाने गेले. चैत्रात घर विकून पुण्यास जायचे ठरले होते. हे आम्हांला ठाऊक होते, आणि आम्हांला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते; पण त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नव्हते. "जाण्याआधी एकदा मंगळवेढ्याकडे जाऊन हुरडा खाऊ," एवढेच ते म्हणाले. "हुरडा काय, पुण्यातही मिळतो," वकील म्हणाले. "मिळतो, पण तिथे माणशी दर लावून मिळतो," असे त्यावर उत्तर आले. या उत्तराला वकिलांपाशी प्रतिवाद नव्हता, ही त्यांच्या वकिलीतली विरळा घटना होय.

सूर्योदयाला आम्ही सोलापूर सोडले. डॉक्टरांची मोटार, मास्तरांचा थर्मास आणि वहिनींनी बांधून दिलेली शिदोरी. या शिदोरीविषयी चार शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. तीत कडक भाकरी होती आणि शेंगांची चटणी होती. कडक भाकरी म्हणजे उरलेली, वाळलेली भाकरी असा इतर जिल्ह्यांतील सुशिक्षितांचा समज असतो. वस्तुतः ती मुद्दाम तशी केलेली असते. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी शक्य तितकी पातळ थापावयाची, वर तीळ पेरावयाचे, तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर पुन्हा शेकत ठेवावयाची, आणि तिच्यातला पाण्याचा अंश पार निघून गेला म्हणजे उतरवावयाची. ती पापडासारखी मोडते आणि नीट ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते. चटणीचेही तसेच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे व मीठ उखळात घालून इतके कांडावयाचे की दाण्याच्या अंगचे तेल सुटून चटणीचे गोळे होऊ लागावेत. पाण्याचा थेंब घालावयाचा नाही. हे दोन्ही पदार्थ आज काचेच्या दुकानांतून सुबक वेष्टनांत विकले जातात, परदेशीही जातात. पण ते जन्मले चैनीसाठी नव्हे. ज्या पदार्थात पाणी नाही तो टिकतो, आणि ज्या मुलखात पाण्याचा भरवसा नाही तेथे टिकणाऱ्या पदार्थाखेरीज दुसरे शहाणपण नाही. सोलापूरच्या सुगरणीने दुष्काळाचा मुक्काम ओळखून त्याच्याशी स्वयंपाकघरात केलेला हा करार आहे; आणि तो इतका रुचकर उतरला आहे की मूळ कलम कोणाच्या ध्यानातही राहिलेले नाही.

तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडली आणि मोकळा मुलूख सुरू झाला. येथे डोंगर नाही, दरी नाही, रस्त्याला एखादे देखणे वळणही नाही. काळी जमीन चहूंकडे पसरलेली, तिच्यावर ज्वारीची उभी शेते, मध्येच बाभळी, आणि बाकी सारे आकाश. डोंगराळ प्रदेशात डोळ्यांना सारखे काहीतरी अडविते, व त्या अडविण्यालाच आपण शोभा म्हणतो. येथे दृष्टीला अडविणारे काही नाही. प्रथम प्रथम ती बावरते, मग कंटाळते, आणि त्यानंतर हळूहळू बारकावे पाहू लागते. कणसांवरचे दव, गोफण घेऊन माळ्यावर उभा असलेला राखणदार, ताटांच्या हिरव्या रंगात उतरत चाललेला पिवळेपणा, हे सारे दिसू लागण्यास अर्धा तास लागतो. महाबळेश्वरी कड्यावर जाऊन उभे राहिले की पहिल्या क्षणीच सगळे दिसते. फार तर दुसऱ्या क्षणी छायाचित्र काढावयाचे राहते. सोलापूरची भूमी इतकी उतावळी नाही.

मात्र सबंध रस्ताभर ज्वारीच होती असे लिहिले, तर ते खरे होणार नाही. समोरून उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरांच्या दुहेरी ट्रॉल्या एकीमागून एक येत होत्या, आणि त्यांना वाट देता देता डॉक्टरांच्या वैद्यकीय शांततेची कसोटी लागत होती. १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले, आणि जेथे जेथे त्याचे पाणी पोचले तेथे तेथे ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. साखर कारखान्यांच्या संख्येत आज हा दुष्काळी जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. शेतकऱ्याने आयुष्यभर भाकरीच खावी आणि साखरेचे स्वप्न पाहू नये, असे म्हणण्याचा अधिकार मोटारीतून हिंडणाऱ्यांना नाही. परंतु ज्या जमिनीची ख्याती पाण्यावाचून पिकण्यासाठी, तिच्यावर सर्वांत तहानलेले पीक डोलताना पाहून मास्तरांनी एक सुस्कारा टाकला, आणि आम्ही कोणी त्यांना हसलो नाही.

माचणूरला भीमेच्या घाटावर उतरून आम्ही शिदोरी सोडली. सिद्धेश्वराच्या देवळाखाली रुंद पायऱ्या थेट पाण्यापर्यंत गेल्या आहेत. सकाळच्या उन्हात नदी संथ होती, आणि मोडणाऱ्या भाकरीच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. याच परिसरात, ब्रह्मपुरीस, औरंगजेब बादशहाने १६९५ पासून १६९९ पर्यंत आपली छावणी ठेवली होती. त्याने गावाचे नाव बदलून इस्लामपुरी केले. येथून तो साताऱ्याच्या मोहिमेस निघाला, आणि त्यानंतर दिल्ली काही त्याच्या दृष्टीस पडली नाही. हिंदुस्थानच्या सम्राटाला चार वर्षे पोसणारा हा मुलूख रिकामा खासच नसला पाहिजे. "बादशहाने कडक भाकरी खाल्ली असेल का?" डॉक्टरांनी विचारले. "खाल्ली असती तर मराठे का दमत नाहीत हे त्याला कळले असते," मास्तर म्हणाले. इतिहास म्हणून या वाक्याची किंमत काही नाही. पण त्या घाटावर, तोंडात लसणाचा ठसका असताना, ते सर्वांना पटले.

मंगळवेढ्यास मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत आहे. त्याने बांधाच्या आडोशाला आगटी पेटवून ठेवली होती. जमिनीत उथळ खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्यांचा फुललेला निखारा, त्यात खोचलेली कोवळी कणसे. कणीस भाजले की ते तळहातांमध्ये चोळावयाचे, फुंकर घालून कोंडा उडवावयाचा आणि गरम दाणे समोरच्याच्या हातावर ओतावयाचे. हुरडा ज्याने चोळला त्याने खाण्याआधी दुसऱ्याला द्यावयाचा, असा तेथला रिवाज. या एका रिवाजामुळे हुरड्याला मित्र लागतात. एकट्याने खाल्लेला हुरडा म्हणजे नुसते भाजलेले धान्य. सोबत तीच शेंगांची चटणी, गूळ, दही आणि बोरे. दाणा दाताखाली आला की आधी दूध, मग गोडी, आणि सर्वांत शेवटी धुराची किंचित कडवट छटा जिभेवर येते. त्यानंतर दोन तास कोणाला वेळेचे भान राहिले नाही.

हुरडा चोळता चोळता यजमानाने आपल्या पिकाचे मर्म सांगितले. ही रब्बीची ज्वारी, शाळू. भाद्रपद-आश्विनात पेरतात, आणि पेरल्यावर आकाशाकडून तिला जवळजवळ काहीच मिळत नाही. उत्तरा व हस्त नक्षत्रांचा जो पाऊस काळ्या जमिनीने पोटात साठविला असेल तेवढ्यावर तिने उभे राहावयाचे, थंडीतल्या दवावर समाधान मानावयाचे आणि माघ-फाल्गुनात भरलेले कणीस द्यावयाचे. जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात व भेगांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपे चालवून भेगा बुजवाव्या लागतात. "कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, गुरुजी," तो म्हणाला. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते उगीच नव्हे. येथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शहरी माणसाला त्या शिक्क्याचे कौतुक. यजमानाला त्या वर्षी हस्त किती पडला याचे.

कोठार म्हटल्यावर दामाजीपंतांचे नाव निघणे क्रमप्राप्तच होते. पंधराव्या शतकात बिदरच्या बहमनी राज्याचा हा अंमलदार. दुष्काळात लोक अन्नान्न करू लागले तेव्हा त्याने सरकारी कोठारे उघडली आणि धान्य लुटविले. पुढे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बिदरला रक्कम भरल्याची कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. याच गावी १३३८ साली कुसू बांधण्याच्या कामावर असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. एका गावाच्या स्मरणात एक कोठार व एक भिंत: भुकेलेल्यांसाठी उघडलेले कोठार, आणि ज्यांना वेशीबाहेर राहावे लागे त्यांच्याच अंगावर कोसळलेली वेशीची भिंत. दोन्ही गोष्टी येथल्या मातीच्याच आहेत, आणि एकीचा अभिमान सांगताना दुसरी गाळता येत नाही.

याच ठिकाणी, इतका वेळ टाळलेला विषय वकिलांनी एकाएकी काढला. "अशा मातीला सोडून जाणं बरं दिसतं का हो?" ते चादरवाल्यांना म्हणाले. आवाजात थट्टा होती. पण थट्टा तेवढीच नव्हती. चादरवाले हातातले कणीस चोळीत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझे आजोबा तेलंगणातून चालत आले ते इथे काम होतं म्हणून. त्यांनाही त्यांच्या गावात कोणीतरी हेच विचारलं असेल." पुढे कोणाला काही सुचेना. आगटीतला धूर मात्र डोळ्यांत जात होता, असे म्हणून सर्वांनी डोळे पुसले.

यजमानाची आई जरा अंतरावर बोरे निवडीत बसली होती. वय ऐंशीच्या पुढे; कान मात्र शाबूत. ती म्हणाली, "जा की बाबा. जगायला जाणाऱ्याला नाव ठेवू नये. बाहत्तरात आमचा निम्मा गाव गेला होता." १९७२ च्या त्या दुष्काळाची आठवण आम्हां पाचांनाही आहे. आम्ही तेव्हा शाळेत जाणारी मुले होतो. रस्त्यांच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, वाटपाची सुकडी, आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडे, आणि शिजली तरी तिला चव अशी नसे. आजी पुढे सांगू लागली: "मिलो खाल्ली, पाला खाल्ला. पण बियाण्याला हात लावला नाही. घर सोडून गेलेल्यांनीसुद्धा बी गाडग्यात घालून, तोंड लिंपून, घरातच ठेवलं होतं. पाऊस पडल्यावर आली सगळी." एवढे बोलून ती पुन्हा बोरे निवडू लागली. आपण काही विशेष बोललो असे तिला वाटल्याचे दिसले नाही.

दुपारचे जेवण शेतावरच झाले: ताज्या भाकरी, पिठले, भरली वांगी, आणि शेवटी शेंगापोळी. दाण्याचे कूट व गूळ यांच्या या पोळीपुढे पुरणपोळीचा तोरा चालत नाही, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे. निघताना आजीने चादरवाल्यांच्या हाती पायलीभर ज्वारीची पिशवी दिली. ती खाण्याची की बियाण्याची, हे त्यांनी विचारले नाही व तिनेही सांगितले नाही.

परतताना सरळ वाट सोडून आम्ही कामतीहून मंद्रुपकडे वळलो व विजापूर रस्त्याला लागून हत्तरसंग कुडलला गेलो. येथे भीमा व सीना यांचा संगम आहे. सकाळी वेगवेगळ्या ठिकाणी ओलांडलेल्या दोन्ही नद्या संध्याकाळी एकत्र भेटल्या. एक मंदिर मातीच्या ढिगाऱ्याखाली गडप झाले होते; ते गेल्या शतकाच्या अखेरीस मोकळे करण्यात आले. शेकडो मुखे कोरलेले एक विलक्षण शिवलिंग तेथे आहे. पण आम्हांला ओढ होती ती संगमेश्वराच्या देवळातल्या एका तुळईची. तीवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला लेख आहे. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या अखेरीस शब्द आहेत: "वाछि तो विजेया होईवा". जो वाचील तो विजयी होईल.

चारही बाजूंनी कानडी बोली ऐकू येत असलेल्या त्या संगमावर, घरी तेलुगू बोलणाऱ्या आमच्या मित्राने ते हजार वर्षांपूर्वीचे मराठी वाक्य दोनदा मोठ्याने म्हटले. "विजय कसला, ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "राजाचा असता तर त्याचं नाव घातलं असतं," मास्तर म्हणाले. "हा वाचणाऱ्याचा आहे." आम्हांला वाटले, हा सबंध मुलूखच तशा लेखासारखा आहे. त्याची अक्षरे झिजलेली; नटवी वळणे त्यात नाहीत; घाईने जाणाऱ्याला तो नुसता दगड वाटतो. भाकरीतले न घातलेले पाणी, भेगा बुजविणारे कोळपे, गाडग्यात लिंपून ठेवलेले बी, हे सारे वाचावे लागते. नुसत्या पाहण्याने भागत नाही. आणि ज्याने एकदा वाचले त्याला ते पुसून टाकता येत नाही, मग तो राहो अथवा जावो.

अंधार पडल्यावर आम्ही सोलापुरास पोचलो. चैत्रात ठरल्याप्रमाणे चादरवाले पुण्यास गेले. तेथे पाऊस मुबलक, झाडे दाट, आणि घरासमोर बाग आहे, असे ते सांगतात. ज्वारीच्या पिशवीचे काय केले, हे आम्ही कोणी विचारलेले नाही. मात्र आश्विन लागताच त्यांचा दूरध्वनी आला. नातवाचे कौतुक, आमच्या गुडघ्यांची चौकशी, इकडचे तिकडचे सर्व आटोपल्यावर त्यांनी मुद्द्याचे विचारले: "हस्त लागला ना? तिकडे पडला का?"